‘मूकबधिर’ नको, ‘कर्णबधिर’ लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ डिसेंबरचा दिव्यांग दिन आणि ४ जानेवारीची लुई ब्रेल जयंती यांच्या बातम्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून येतात. त्यांत ऐकू न येणारे मूल सरसकट ‘मुकबधीर’ होते. मू दीर्घ, धि ऱ्हस्व, हे दुरुस्त केले तरी शब्द चुकीचाच राहतो. यातल्या बहुतेक मुलांची जीभ, टाळू, स्वरयंत्र धडधाकट असते. बोल कानावर पडत नाहीत म्हणून वाचा फुटत नाही. ‘मूक’ छापले की दोष जिभेत आहे, असे वाचणाऱ्याला वाटते. खेड्यापाड्यांत आधीच ‘जीभ जड आहे, बोलेल हळूहळू’ म्हणत आईबाप थांबतात, कान तपासायचे राहतात आणि श्रवणयंत्र व वाचा-उपचारांची मोलाची वर्षे हातची जातात. म्हणून ‘कर्णबधिर’च लिहावे. शाळेच्या नोंदणीकृत नावात ‘मूकबधिर’ असेल तर नाव तसेच ठेवावे, मजकुरात मात्र ‘कर्णबधिर विद्यार्थी’. सांकेतिक भाषेला ‘हातवारे’ म्हणू नये. तिला स्वतःचे व्याकरण आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास म्हणजे कर्णबधिर. ६० ते ७० असेल तर ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’. वाचादोष हा वेगळा प्रकार.

डोळ्यांबाबतही तसेच. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह ३/६० पेक्षा कमी (३/६० म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते ३ मीटरवरून दिसणे), किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर स्थिर ठेवून दिसणारा परिसर, १० अंशांहून कमी, तर अंध. त्याच्या वर ६/१८ पर्यंत अल्पदृष्टी. मोजणी चांगल्या डोळ्याची असल्याने, एकाच डोळ्याने न दिसणाऱ्याला ‘अंध’ लिहू नये. दोन्ही गटांना मिळून दृष्टिबाधित. समासात आधी आलेला ‘ष्टि’ ऱ्हस्व (दृष्टिहीन, दृष्टिदोष), शेवटी आलेला दीर्घ (अल्पदृष्टी). दिव्यांग प्रमाणपत्रावरचे ‘४० टक्के’ हे दिव्यांगत्वाचे प्रमाण. त्यावरून ‘६० टक्के दिसते’ असा हिशेब मांडू नये.

ब्रेल ही सहा टिंबांची लिपी आहे, भाषा नव्हे. ब्रेलमध्ये छापलेले मराठी पुस्तक मराठीच असते.

‘आंधळा कारभार’, ‘बहिरे प्रशासन’ हे मथळे तर बंदच करावेत. बेपर्वाईला बेपर्वाई म्हणता येते.

बातमीदाराने प्रमाणपत्रावरचा प्रकार पाहावा आणि त्या व्यक्तीलाच विचारावे, ‘तुमच्याबद्दल काय लिहू?’

– दृष्टिबाधित व कर्णबधिर मुलांचे काही विशेष शिक्षक, परभणी