बिस्किटांच्या डब्यातली हजेरी : केंद्रीय कोळसा मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय कोळसा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

हे पत्र कोळसा खाण कामगारांच्या फुफ्फुसांच्या तपासणीबद्दल आहे, खाण बंद झाल्यानंतरच्याही. ते मराठीत लिहिते आहे, कारण चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेडच्या लोकांनीही ते वाचावं असं मला वाटतं. आपल्या कार्यालयात ते वाचून दाखवणारं कोणी ना कोणी असेलच.

मी इंग्लंडमध्ये वाढले, डरहॅम परगण्यातल्या ईझिंग्टन कोलियरी या गावात. गावाच्या नावातच खाण. एका बाजूला उत्तर समुद्र, आणि खाणीचे बोगदे त्या समुद्राच्या तळाखाली मैलोन्‌मैल गेलेले. माझे वडील नागपूरला डॉक्टर झाले आणि 1971 साली ईझिंग्टनच्या एका दवाखान्यात रुजू झाले. मी तेव्हा दोन वर्षांची होते. त्याच सुमारास माझा मामा बल्लारपूरला खदानीत लागला. आई त्याला पत्रात लिहायची, "इथं कपडे वाळत घालताना आभाळाकडे बघून भागत नाही, रस्त्याकडेही बघावं लागतं."

त्याचं कारण असं, की खाण कामगारांना पगाराबरोबर घरासाठी कोळसा मिळायचा. लॉरी घरामागच्या गल्लीत यायची आणि ज्याच्या त्याच्या दारामागे ढीग ओतून जायची. कपड्यांच्या दोऱ्या त्याच गल्लीत आडव्या बांधलेल्या. लॉरीचा आवाज आला की बायका एकमेकींना हाका मारत धावायच्या. शेजारची बाई स्वतःच्या चादरी सोडून आधी आईच्या साड्या गोळा करायची, कारण त्या सगळ्यांत लांब आणि मातीला लागायच्या. मग ढीग फावड्याने आत भरायचा. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं असेल, तिथला कोळसा आम्ही पोरं भरून द्यायचो.

सुट्टीच्या दिवशी मी दवाखान्यात कार्डं लावायला बसायचे. एकदा दार अर्धवट उघडं राहिलं आणि एका कामगाराची उघडी पाठ दिसली. मणक्याच्या एकेका गाठीवर निळसर ठिपका, मानेपासून कमरेपर्यंत ओळीने, कोणी बटणं शिवावीत तसे. मला वाटलं, आपल्या आजीच्या हातावर असतं तसं गोंदण आहे. वडिलांनी घरी आल्यावर समजावलं. बुटक्या बोगद्यात वाकून चालताना पाठ छताला घासते, सोलवटते, आणि जखम भरताना कोळशाची पूड आत राहून जाते. "हे दिसतं," ते म्हणाले, "छातीतलं दिसत नाही."

त्या गावात मृत्यूचा विषय कोणी टाळत नसे. 29 मे 1951 च्या पहाटे कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात खडकातल्या पायराइट या खनिजावर घासले, ठिणग्या उडाल्या, साचलेल्या वायूने पेट घेतला आणि उडालेल्या कोळशाच्या धुळीने तो स्फोट बोगद्याबोगद्यांतून पुढे नेला. 81 कामगार गेले, आणि त्यांना शोधायला उतरलेले दोघे. एकूण 83. आमच्या वर्गातल्या कित्येकांचे आजोबा किंवा चुलत आजोबा त्यांत होते.

दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या शनिवारी सगळं गाव डरहॅम शहरात जायचं. 1871 पासूनचा हा मेळा. प्रत्येक खाणीचा स्वतःचा रेशमी झेंडा, इतका मोठा की दोन काठ्यांवर तोलून न्यावा लागे, आणि पुढे पितळी वाद्यांचा बँड. त्या वर्षी ज्या खाणीत माणूस दगावला असेल, तिच्या झेंड्यावर काळं कापड. आई पहिल्यांदा गेली तेव्हा तिला आपल्या दिंड्याच आठवल्या, दिवसही आषाढाच्या आसपासचे. काळं कापड लावलेला झेंडा जवळून गेला तसा तिने आपसूक पदर डोक्यावर घेतला. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने ते पाहून टोपी काढली. दोघंही काही बोलले नाहीत.

1984 चा खाण कामगारांचा संप मी पंधराव्या वर्षी पाहिला. तो मार्च ते मार्च वर्षभर चालला. ऑगस्टमध्ये गावात पोलिसांच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघर चालवलं, आई तिथे बटाटे सोलायला जायची. संपाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून मी इथे थांबते. खाण पुढे 1993 च्या मे महिन्यात बंद झाली. आज त्या जागी गवत आहे आणि माणसं खाली नेणारा लोखंडी पिंजरा आठवण म्हणून उभा केला आहे.

मंत्रिमहोदय, हे सगळं सांगितलं ते पुढच्या गोष्टीसाठी.

वडील म्हणायचे, खाण बंद झाल्यावर दवाखान्यातली रांग वाढली. कोळशाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, न्यूमोकोनिओसिस, धुळीतून बाहेर पडल्यावरही वाढत राहू शकतो. काहींच्या बाबतीत तर तो काम सुटल्यानंतरच कळतो. पन्नाशीतली माणसं जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायला लागली. 1998 च्या जानेवारीत लंडनच्या उच्च न्यायालयाने सरकारी कोळसा कंपनीला श्वसनाच्या आजारांबद्दल जबाबदार धरलं आणि नुकसानभरपाईची योजना आली. साडेपाच लाखांहून अधिक दावे दाखल झाले. पुष्कळांना पैसे मिळण्याआधीच मरण आलं.

त्या काळात एक विधवा बाई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन वडिलांकडे आली. मी सुट्टीवर घरी आले होते. तिने डबा टेबलावर उपडा केला. तीस वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, दर वर्षाच्या वेगळ्या बांधलेल्या, एक सेवा-दाखला आणि पितळेचं गोल टोकन. खाली उतरताना असं टोकन द्यावं लागे. नवरा कुठल्या खाणीत, किती वर्षं, कुठलं काम करत होता, सगळं त्या डब्यात होतं. छातीचा एक्स-रेही कुठेतरी नोंदलेला होता, कारण तिथल्या कोळसा मंडळाने 1959 पासून ठरावीक वर्षांनी कामगारांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली होती. वडिलांनी तिच्यासाठी पत्र लिहिलं. त्या डब्यामुळेच तिचा दावा उभा राहिला.

गेल्या वर्षी मी बल्लारपूरला मामाकडे राहिले. मामा कायम नोकरीतला, निवृत्त. त्याच्याकडे पेन्शनचे कागद आहेत, तपासणीची फाइल आहे, खोकला आहे. त्याच्या शेजारी एक चाळिशीचा माणूस राहतो. तो अकरा वर्षं एका उघड्या खाणीत टिप्पर चालवत होता, ठेकेदार बदलत गेले, काम तेच. धाप लागते म्हणून काम सुटलं. मी विचारलं, तुमचे कागद आहेत का? त्याने खिशातून एक गेटपास काढला. मुदत संपलेला, लॅमिनेशन सुटलेलं, ठेकेदाराचं नाव पुसलेलं. एक्स-रे काढला होता का? आठवत नाही म्हणाला.

आपल्याकडे न्यूमोकोनिओसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. 2009 च्या मार्गदर्शक सूचनांपासून प्रत्येक कोळसा खाणीला ती बंद करण्याचा आराखडा करावा लागतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात. त्या पैशातून खड्डे भरले जातात, झाडं लावली जातात. ते व्हायलाच हवं. पण त्या आराखड्यात माणसांच्या छातीचंही पान असावं, एवढीच माझी मागणी आहे.

खाण बंद होण्याआधी तिथे काम केलेल्या प्रत्येकाची यादी करा, ठेकेदाराकडच्या माणसांसकट. प्रत्येकाचा एक्स-रे आणि फुफ्फुसाची चाचणी करून त्याची एक प्रत त्याच्या हातात द्या. खाण बंद झाल्यावरही, तो जिथे जाईल तिथे, आयुष्यभर ठरावीक काळाने मोफत तपासणी चालू ठेवा. आणि हा खर्च एस्क्रो खात्यातूनच करा, म्हणजे उद्या कोणी निधी नाही म्हणणार नाही.

मामाच्या शेजाऱ्याने मला तो गेटपास परत मागितला नाही. "ठेवा तुम्हीच, माझ्या काय कामाचा," म्हणाला. तो माझ्याकडे आहे. आपण बोलावलंत तर मी तो घेऊन दिल्लीला येईन.

आपली नम्र,
ईझिंग्टन कोलियरीत वाढलेली, बल्लारपूरची भाची