आबांची बुलेट विकू नकोस

कोल्हापूर

प्रिय विजू,

गाडीचा दोष सापडला. इंजिनात काही बिघाड नाही. रिबोअरचा, म्हणजे झिजलेला सिलिंडर कातून नवा पिस्टन बसवायचा, विषय डोक्यातनं काढ, आणि ज्या गिऱ्हाइकाला 'बघू' म्हणालायस त्याला आजच नाही म्हणून सांग.

तापलेली गाडी परत सुरू होत नाही म्हटलं की जो तो आपापला पार्ट सांगतो. बदललेल्या सामानाची ती पिशवी बघून मला वाईट वाटलं. दरवेळी गॅरेजला पोचेतोवर गाडी थंड व्हायची, आणि थंड गाडीत हा दोष दिसतच नाही. म्हणून ठरवलं, अडेल तिथंच आणि गरम असतानाच तपासायची. हत्यारं आणि नवा कंडेन्सर (ठिणगीच्या यंत्रणेतला छोटा पार्ट) पिशवीत टाकून पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या पुढच्या चढाला इंजिन चांगलं तापलं. वर झुणका-भाकरी खाऊन येऊन किक मारली, तर नाहीच. चालत्या गाडीला वारा लागतो; थांबली की वारा बंद, पण सिलिंडरची धग आजूबाजूच्या भागांत शिरतच राहते. म्हणून ती चालताना कधी बंद पडत नव्हती, थांबल्यावरच अडायची.

आधी डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ, न दाबता किकवर उभा राहिलो. किकनं माझं वजन पेललं, म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, आहे. रिबोअरचा निकाल तिथंच लागला. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का म्हणून झाकण उघडून बघितलं, फरक नाही. प्लग काढला तर पेट्रोलनं ओला. दुसरा कोरडा प्लग लावून, भोकापासून लांब, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी बारीक, पिवळट. कॉइल, जी प्लगसाठी जोरकस करंट तयार करते, तापून बिघडली असेल म्हणून तिच्यावर ओलं फडकं ठेवलं, तरी तीच गत. मग पॉइंटचं, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचं, झाकण काढलं. पॉइंट उघडताना तिथंच निळ्या ठिणग्या उडत होत्या!

विजू, सगळं इथंच आहे. पॉइंट उघडले की कॉइलचा करंट झटक्यात तुटला पाहिजे, तरच प्लगला जोरकस ठिणगी मिळते. त्या क्षणी पॉइंटवर उडी घेऊ पाहणारा करंट कंडेन्सर पोटात घेतो. तो तापून गळायला लागला की ठिणगी पॉइंटवरच जळते आणि प्लग उपाशी राहतो. गार झाला की पुन्हा ठीक. तिथंच नवा बसवला, पॉइंट घासून गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये ठेवला, आणि गाडी लगेच बोलली. आबा उद्यमनगरातनं कामावरनं सुटून यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच हा आवाज ओळखायचो आपण. माझ्या डोळ्यांत पाणी आलं बघ.

तेव्हापासून मुद्दाम दुपारच्या उन्हात जोतिबाला नेली, थांबवली, परत सुरू केली. एकदाही अडली नाही.

आता तू एवढं पाळ. गरम इंजिनाला चोक द्यायचा नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची (पुशरॉडची) फट, इंजिन थंड असतानाच लावायचे. पुशरॉड बोटानं सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. फार आवळले तर तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि असाच त्रास होतो. एक जादा कंडेन्सर टूलबॉक्समध्ये ठेवलाय.

पुण्याहून येशील तेव्हा आरसी बुक आण, पीयूसी काढायची आहे. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुऱ्या