मोटर बदलण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गाडीचा वायपर चालता चालता मंदावतो, भर पावसात मध्येच थांबतो, दहा मिनिटांनी परत सुरू होतो आणि मेकॅनिक मोटर बदलायला सांगतो आहे, असं तू लिहिलंस. त्याला इतक्यात हो म्हणू नकोस. पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीची मोटर जाऊ शकते, पण थोडा वेळ चालून थांबणं आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होणं हे जळालेल्या मोटरचं लक्षण नाही. बऱ्याच मोटरींच्या आत तापल्यावर वीज तोडणारा कटआउट असतो. मोटरवर भार पडतो, ती तापते, कटआउट तिला थांबवतो, निवली की ती परत फिरते. भार कुठून येतो ते न शोधता नवी मोटर बसवलीस तर तीही तशीच तापेल.

आधी सोपं तपासून घे. फ्यूज उडाला असता तर वायपर अजिबात हलला नसता, त्यामुळे तुझ्या बाबतीत तो ठीक आहे. तरी त्याचा आकडा बघ. कुणी १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा टोचला असेल तर लगेच काढ. वायर तापून इन्सुलेशन वितळेल आणि फ्यूज शाबूतच राहील. योग्य आकडा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर असतो.

मग अर्थिंग. वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत मोटरच्या बोल्टखाली हिरवट-पांढरा गंज धरतो आणि वीज परतायची वाट अडते. एका जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लाव, दुसरं मोटरच्या अर्थिंगच्या वायरला किंवा बॉडीवरून अर्थिंग असेल तर मोटरच्या धातूला टेकव. काच ओली करून वायपर लाव. वेग झटकन वाढला तर दोष सापडला. बोल्ट काढ, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास आणि घट्ट आवळ.

तेवढ्याने भागलं नाही तर लिंकेज, म्हणजे मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणारे दांडे. माझा खरा संशय याच्यावरच आहे, कारण तुझी गाडी सोनमोहराखाली उभी असते. एप्रिल-मेमध्ये पडलेल्या पिवळ्या पाकळ्या काचेखालच्या काळ्या जाळीतून आत जातात, तिथे कुजून त्यांचा चिखल होतो आणि पाणी जायचं भोक बुजतं. मग स्पिंडल, म्हणजे ज्या दांड्यावर वायपरचा आर्म बसतो तो, पाण्यात भिजत राहतो. ग्रीस धुऊन जातं, दांडा गंजतो आणि आपल्याच नळीत आवळला जातो.

उघडताना क्रम पाळ. वायपर बंद करून दोन्ही ब्लेड जागेवर येऊ देत, मग काचेवर ब्लेडच्या कडेला कागदी टेप चिकटवून खूण कर. किल्ली काढ, बॅटरीचा निगेटिव्ह सोड. किल्ली चालू असताना लिंकेजमध्ये हात घालू नकोस. मोटर अचानक फिरली तर बोट चिरडेल. आर्मच्या बुडाशी प्लास्टिकची टोपी असते, तिच्याखाली नट. नट काढून आर्म डावी-उजवीकडे हलवत वर खेच. जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांब, हातोडी नको. काचेवर जाड टॉवेल अंथर, कारण स्प्रिंगच्या जोराने आर्म निसटून आपटला तर काच तडकते.

जाळी काढून कचरा साफ कर, भोकातून पाणी जातंय ना ते बघ. आता मोटरच्या क्रँकवरून, म्हणजे तिच्या फिरत्या हातावरून, लिंकेजचा गोळीचा सांधा मोठ्या स्क्रूड्रायव्हरने उचकट आणि लिंकेज हाताने हलव. दोन बोटांनी सहज फिरायला हवं. जोर लावावा लागला तर दुखणं इथे आहे, मोटर निर्दोष. स्पिंडलच्या वरची सर्क्लिप, म्हणजे दांडा धरून ठेवणारी कडी, काढून दांडा खाली सरकव, पॉलिश पेपरने गंज उतरव, नळी पुसून घे, लिथियम ग्रीस लाव. नुसतं तेल सोडलंस तर दोन सरींत धुऊन जाईल. सांध्यांमधले प्लास्टिकचे बुश खडखडत असतील किंवा दांडा निघतच नसेल तर लिंकेजचा पूर्ण सेट घे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसला सुट्या भागांच्या दुकानांत जाशील तेव्हा जुना नमुना सोबत ने, नुसत्या गाडीच्या नावावर घेऊ नकोस.

लिंकेज सुटं असतानाच बॅटरी जोडून मोटर एकटी पाच मिनिटं चालव. दोन्ही वेगांवर एकसारखी फिरली तर ती धडधाकट आहे. हळू चालते पण जोरात चालत नाही, असं झालं तर जोराच्या वेगाचा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज देणारा तुकडा, झिजला असेल; या मोटरींत तीन कार्बन असतात आणि प्रत्येक वेगाला वेगळी जोडी लागते. आधी स्विचकडून येणाऱ्या जोराच्या वेगाच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का ते टेस्ट लॅम्पने बघ, नाहीतर स्विचचा दोष कार्बनवर ढकलशील. बंद केल्यावर ब्लेड वाटेल तिथे थांबत असते तर मोटरच्या गिअरच्या झाकणातले पार्किंगचे, म्हणजे ब्लेड ठरल्या जागी थांबवणारे, संपर्क साफ करावे लागले असते, पण तशी तुझी तक्रार नाही.

जोडताना एक गोष्ट विसरू नकोस. सांधा परत बसव, मोटर चालू करून स्विचनेच बंद कर, ती आपल्या पार्किंगला थांबू दे. त्यानंतरच आर्म टेपच्या खुणेवर बसवून नट आवळ. नाहीतर ब्लेड काचेच्या चौकटीवर आपटतील.

रबर याच खेपेला बदल. दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते, मोजून घे. कडक झालेलं रबर काचेला घासून मोटरवर भार टाकतं. काचेवरचा तेलकट थर भांड्यांच्या लिक्विडने धू, आणि कोरड्या काचेवर वायपर चालवू नकोस.

मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधीचा एखादा रविवार या कामाला दे. लिंकेज सोडलंस की हाताने फिरतानाचा व्हिडिओ काढून पाठव, स्पिंडल किती आवळलाय ते मी बघते.

तुझी,
आई