मागे राहिलेल्या पालकाचा फोन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या कुटुंबांसाठी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. व्हिसा, नोकरी, घरभाडे, शाळाप्रवेश यांची माहिती त्यात असते आणि ती उपयोगीही पडते. मात्र कुटुंब म्हणजे आई, वडील आणि त्या दोघांचीच मुले, हे त्या लेखनात धरूनच चाललेले असते. ज्या घरात मुलगा आईच्या पहिल्या लग्नाचा आणि मुलगी वडिलांच्या पहिल्या लग्नाची आहे, अशा घराने देश बदलला तर काय होते, याविषयी मला कोठे फारसे वाचायला मिळाले नाही. चार वर्षांपूर्वी आम्ही असा देश बदलला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे लग्न झाले तेव्हा माझा मुलगा बारा वर्षांचा आणि पतीची मुलगी सात वर्षांची होती. त्यानंतर नऊच महिन्यांत आम्ही परदेशी आलो. आम्हा दोघांना तेव्हा वाटले की हे बरेच झाले. नव्या घरात कोणाच्याच जुन्या आठवणी नसतील आणि चौघेही एकाच वेळी नव्याने सुरुवात करतील. हा हिशेब चुकला. मुलांनी अजून आमचे लग्नच पुरते स्वीकारलेले नव्हते, आणि या घरात जीव घुसमटला की ज्या ठिकाणी ती जात होती, ती आजी, ती मैत्रीण, तो गल्लीतला मित्र, हे सगळे आम्ही एका विमानप्रवासात त्यांच्यापासून दूर केले. जे घर त्यांना अजून आपले वाटत नव्हते, तेच त्यांचे एकमेव ठिकाण होऊन बसले.

अशा कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाव यांच्या मते, लवकर जुळणाऱ्या घरांनाही एकमेकांत रुळायला सुमारे ४ वर्षे लागतात आणि पुष्कळांना ७ वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात. दुसरीकडे जिम कमिन्स यांनी कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून १९८१ मध्ये असे मांडले की नव्या भाषेत रोजचे बोलणे मूल साधारण २ वर्षांत शिकते, पण शाळेतील अभ्यासाच्या भाषेत वर्गातील इतरांच्या बरोबरीला येण्यास त्याला ५ ते ७ वर्षे लागतात. हे दोन कालखंड एकाच मुलाच्या आयुष्यात एकाच दिवशी सुरू होतात तेव्हा काय होते, ते मी घरात पाहिले. धाकटी मुलगी वर्षभरात भराभर बोलू लागली. मुलगा मागे पडला. दुकानात, बसमध्ये, शेजाऱ्यांशी बोलताना ती त्याच्या वतीने उत्तरे देऊ लागली आणि जेवताना त्याचे उच्चार सुधारू लागली. सख्ख्या भावंडांत अशी चिडवाचिडवी होते आणि संध्याकाळपर्यंत विसरलीही जाते. येथे मात्र माझ्या मुलाला त्यात वेगळाच अर्थ दिसला: हे घर तिचे आहे, हा देशही तिचा होत चालला आहे आणि आपण दोन्हीकडे पाहुणे आहोत. त्याने तो अर्थ मला एकदाच, तोही रागाच्या भरात बोलून दाखवला. मी त्याची समजूत काढू लागले, तेव्हा मुलीला वाटले की तिची काही चूक नसताना मी आपल्या पोटच्या मुलाची बाजू घेते आहे. दोघांच्याही बाजूने पाहिले तर दोघेही खरे होते.

यापेक्षा मोठी चूक माझ्या हातून झाली, आणि मुख्यतः ती सांगण्यासाठी हे पत्र आहे. मुलीची आई मायदेशी राहते. वेळेतील फरकामुळे तिचा फोन नेमका आमच्या जेवणाच्या वेळी येई. बोलणे झाले की मुलगी तासभर कोणाशी बोलत नसे, रात्री रडत असे. मला वाटले की फोन कमी झाले तर ती येथे लवकर रुळेल, म्हणून काही महिने आठवड्यातून एकदाच बोलावे असे मी सुचवले आणि पतीनेही ते मान्य केले. त्यामागे माझ्या मनातला थोडा मत्सरही होता, हे मी आज मान्य करते. त्या महिन्यांत मुलगी शांत झाली आणि ती रुळत असल्याचे समाधान आम्ही मानून घेतले. पुढे तिच्या शिक्षिकेने बोलावून सांगितले की ती वर्गातही गप्प असते. ती आमच्यावर रागावलेली नव्हती. आपण येथे आनंदात राहिलो तर आई दुखावेल आणि आईची आठवण काढली तर मी दुखावेन, अशा पेचात ते आठ वर्षांचे मूल अडकले होते. फोन पुन्हा रोजचा झाला, आम्ही जेवणाची वेळ बदलली आणि तिने बंद खोलीत मोकळेपणाने बोलावे असे ठरवले. रडणे एकदम थांबले नाही. पण रडून झाल्यावर ती स्वतःहून माझ्या शेजारी येऊन बसू लागली, हे त्यानंतरचे आहे, आधीचे नव्हे.

मुलाची अशी भेट आणि असे बोलणे हा पालकांच्या मर्जीचा विषय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या १० व्या कलमात, ज्या मुलाचे आईवडील वेगवेगळ्या देशांत राहतात त्याला दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. कायद्याच्या इतर बाजूही निघण्यापूर्वीच पाहाव्या लागतात. युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब-पुनर्मीलन निर्देशानुसार, मुलाचा ताबा दोघांकडे असेल तर त्याला बरोबर नेण्यासाठी दुसऱ्या पालकाची संमती आवश्यक असते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात सावत्र मूल म्हणून मान्यता मिळण्यासाठी ते नाते जोडणारे लग्न मूल १८ वर्षांचे होण्याआधी झालेले असावे लागते. इंग्लंडमध्ये केवळ लग्नामुळे सावत्र पालकाला पालकत्वाची जबाबदारी मिळत नाही. त्यासाठी करार किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. या शेवटच्या गोष्टीचे वजन मला एका रुग्णालयात कळले. मुलीचे मनगट मोडले होते, पती प्रवासात होते आणि तिला भूल देण्याच्या कागदावर माझी सही चालत नव्हती. कर्मचारी नियमाप्रमाणे वागत होते, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पती फोनवर सापडेपर्यंत ती माझा हात धरून बसली होती आणि मी तिची कोण, याचे कागदावर लिहिता येईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. निघण्यापूर्वी तिच्या दोन्ही पालकांकडून एक अधिकारपत्र घेतले असते तर कदाचित तेवढ्याने काम भागले असते.

म्हणून पुनर्विवाहानंतर मुलांसह परदेशी निघालेल्या वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की तिकिटे काढण्यापूर्वी मागे राहणाऱ्या पालकाबरोबर बसावे. फोन कधी, सुट्टीत भेट कोठे, प्रवासखर्च कोणाकडे, आजारपणात निर्णय कोणाचा, हे लिहून काढावे आणि ते लिहिताना मुलांनाही विचारावे. जुन्या जोडीदाराशी बोलणे नकोसे वाटते, हे मी जाणते; मलाही माझ्या मुलाच्या वडिलांशी हे बोलायला दोन वर्षे लागली, आणि तेवढा काळ त्याने एकट्याने काढला.

आपल्याकडेही एक विनंती आहे. परदेशगमनाविषयीच्या सदरांत एखादा लेख अशा कुटुंबांच्या ताबा, संमती आणि अधिकारपत्रांवर जाणकार वकिलाकडून लिहून घ्यावा. तसेच अन्याय या अर्थी मथळ्यांतून सर्रास छापला जाणारा 'सापत्न वागणूक' हा शब्दप्रयोग शक्यतो टाळावा. आमच्या घरी दोन्ही मुले वृत्तपत्र वाचतात, आणि मुलीने मला त्या शब्दाचा अर्थ विचारला आहे.

आपली नम्र,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती)