प्रयोग आपल्यावर, मग अभ्यासकांना दार बंद का?

संपादक साहेब, नमस्कार.

मोबाइलमुळे पोरं बिघडली वगैरे रोज छापून येतं, पण तंत्रज्ञान माणसाचं मन नेमकं कसं वळवतं हे शोधणाऱ्या संशोधकांबद्दल फारसं कोणी लिहित नाही म्हणून हे पत्र. स्टॅनफर्डच्या क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज यांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिलं की आपण कॉम्प्युटरशीही माणसासारखंच वागतो, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर काम केलं त्याच्याबद्दलचं मत त्याच्याच स्क्रीनवर द्यायचं असलं तर लोक गोड बोलतात अन् दुसऱ्या कॉम्प्युटरवर विचारलं की मोकळेपणाने सांगतात! वर विचारलं तर म्हणणार, छे, मशीनचं मन कोण राखतं.

आता यात आपले मित्र आणा. २०१० च्या अमेरिकेतल्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकवर सुमारे ६ कोटी १० लाख लोकांवर प्रयोग झाला, काहींना फक्त मतदानाची आठवण करून देणारा मेसेज, बहुतेकांना त्याच मेसेजबरोबर ‘मी मतदान केलं’ म्हणणाऱ्या मित्रांचे फोटो. नुसत्या मेसेजने मतदानात काही फरक पडला नाही, फोटोंनी पडला, आणि २०१२ ला ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाचा अंदाज असा की त्यामुळे जवळपास ३ लाख ४० हजार मतं जास्त पडली. मतदान वाढलं ते चांगलंच झालं हो, पण उद्या हेच फोटो ठराविक भागातल्याच लोकांना दाखवले तर? बाहेरच्या कोणाला कळणार तरी कसं?

२०१४ ला छापलेल्या दुसऱ्या प्रयोगात ६,८९,००३ जणांच्या फेसबुक फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून त्यांच्या लिखाणावर काय परिणाम होतो ते बघितलं. परिणाम अगदी किंचित होता, मान्य, पण त्या लोकांना वेगळं विचारलं कोणीच नव्हतं.

आणि एवढं तरी कळलं कारण ते छापलं गेलं. पुढे २०२३ मधे ट्विटरने संशोधकांना फुकट डेटा देणं बंद केलं, २०२४ मधे फेसबुकची मालक कंपनी मेटाने क्राउडटँगल, म्हणजे कुठल्या पोस्ट किती पसरतायत ते बाहेरच्यांना बघता येणारं साधन, बंद केलं, म्हणजे कंपनीच परीक्षेला बसणार अन् कंपनीच पेपर तपासणार. त्यात आता चॅटबॉट थेट आपल्याशी गप्पा मारतायत, ते कोणाला काय पटवतायत हे तर त्या कंपनीशिवाय कोणालाच दिसत नाही.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात मान्यताप्राप्त संशोधकांना मोठ्या प्लॅटफॉर्मचा डेटा मागायचा हक्क दिलाय. असा हक्क सगळीकडच्या विद्यापीठांना मिळायला हवा, लोकांची प्रायव्हसी सांभाळून अर्थातच. अन् अशा प्रयोगात घेण्याआधी माणसाला साध्या भाषेत विचारा, अटींच्या पन्नास पानांत लपवू नका. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा ही मनापासून विनंती.

आपला एक नियमित वाचक