ओळंबा दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

माझी ३२ पानांची पहिली मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, गेल्या महिन्यात रेखाटून पूर्ण झाली आणि तिच्यातील दोघे भाऊ पाहणाऱ्याला मुलगेच वाटतात, एवढेच कळवण्यासाठी आणि आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. इतरांना ही गोष्ट किरकोळ वाटेल. ती साधायला मला दीड वर्ष लागले, हे आपण जाणता.

पहिली वही घेऊन मी आपल्याकडे आले, तेव्हा माझी तक्रार चेहऱ्यांबद्दल होती. डोळे लहान केले, भुवया जाड करून डोळ्यांच्या जवळ आणल्या, हनुवटी चौकोनी केली, तरी माझा नायक भावाचा शर्ट घातलेल्या मुलीसारखाच दिसत असे. आपण तोवर मांगाचे एकही पुस्तक पाहिलेले नव्हते. आपण तळहाताने चित्रातले डोके झाकले आणि विचारले, "आता सांग, हा कोण?" मला सांगता आले नाही. मानेखाली मी शरीर काढलेच नव्हते, फक्त कपडे टांगले होते.

पुढचे तीन महिने आपण मला एकही चेहरा काढू दिला नाही, याचा त्या वेळी फार राग आला होता. डोक्याची उंची हे माप धरले, तर प्रौढ पुरुषाचे शरीर साधारण साडेसात डोक्यांचे होते, खांदे सुमारे दोन डोक्यांइतके रुंद, कटिभाग त्याहून अरुंद, कोपर कंबरेपाशी. ही मापे कोणत्याही पुस्तकात मिळतात. पुस्तकातून मला उमगला नव्हता तो ओळंबा. गवंड्याचा खराखुरा ओळंबा गळ्याच्या खळगीपाशी धरून, एका पायावर भार दिला की दोरी त्याच पावलाकडे कशी येते, त्या बाजूची कंबर कशी वर चढते आणि खांदा कसा खाली उतरतो, हे आपण सत्तरीच्या वयात स्वतः उभे राहून दाखवलेत. काकू आतून ओरडत होत्या, तरी पंधरा मिनिटे हलला नाहीत.

तालमीत बसून रेखाटने करणे मला शक्य नव्हते, म्हणून आपण कोल्हापुरात तरुणपणी भरलेल्या पैलवानांच्या वह्या माझ्या हवाली केल्यात. मान ही खांद्यांत रोवलेली काठी नसून तिचे स्नायू कवटीच्या मागून निघून खांद्यांच्या उतारात मिसळतात, हे मला त्या पिवळ्या पडलेल्या पानांवर कळले. माझे नायक सडपातळ आहेत. पण तो उतार सडपातळ मुलालाही असतो आणि मी नेमका तोच गाळत होते.

नंतर आपणच माझी मांगाची पुस्तके चाळून म्हणालात की, यांच्यातही पुरुष एका साच्याचा नाही. ते खरेच आहे. मुलींसाठीच्या शोजो मांगात तो लांब मानेचा आणि लांब पायांचा असतो. १९५७ च्या सुमारास जपानी चित्रकथाकार योशिहिरो तात्सुमी यांनी ज्या शैलीला 'गेकिगा' हे नाव दिले, तिच्यात तो वास्तवाच्या जवळ येतो. कुठे ताणायचे, हे मूळ माप हाताला ठाऊक असल्याशिवाय ठरवता येत नाही. जपानहून मागवलेल्या जी-पेनच्या टाकाने, जो दाबला की रेघ जाड होते, आता मी भार असलेल्या पायाची रेघ मुद्दाम दाबून काढते. ही युक्ती मात्र माझी आहे, सर.

थोरल्या भावाचा डावा खांदा अकराव्या पानावर अजूनही चुकला आहे, असे मला वाटते. रविवारी पाने घेऊन येते. डोकी झाकूनच पाहा.

आपली विद्यार्थिनी