गृहमंत्री साहेब, निवृत्त फौजदार विमा कंपनीला चालतो, मग पोलीस ठाण्याला का नाही?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

जय हिंद साहेब.

शिपाई म्हणून भरती झालो आणि ५८व्या वर्षी बीड जिल्ह्यातून श्रेणी फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं रायटरकी, म्हणजे ठाण्यातलं लिखापढीचं काम केलं, त्यामुळे बंदोबस्त कमी आणि पंचनामे जास्त. आता एका विमा कंपनीसाठी अपघाताच्या दाव्यांची चौकशी करतो. खात्यानं या अनुभवाचा हिशेब शाल-श्रीफळावर मिटवला. कंपनी मात्र केसमागे पैसे मोजते.

कशाचे मोजते, तेही सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात धारूर, वडवणी, केजकडच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून कारखान्याला निघतात. घाटात ट्रॉली उलटते, एखादी बाई दगावते. पंचनाम्यात ट्रॅक्टरचा नंबर असतो, ट्रॉलीचा नसतो. ब्रेकच्या खुणा किती फुटांच्या, काही नाही. ती बाई ट्रॉलीत बसली होती की खाली रस्त्यावर उभी होती, तेही नाही. सगळा दावा तिथंच अडतो. ट्रॉलीत माणसं बसवणं पॉलिसीच्या अटीत बसत नाही. रस्त्यावरच्या माणसाला मात्र भरपाई मिळते. अशा फटी शोधायचे मला पैसे मिळतात. मी खोटं लिहीत नाही, पण ठाण्यानं जे टिपलंच नाही ते सहा महिन्यांनी कुठून आणू? टोळीचा मुकादम तोवर उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा, तगादा लावून बसलेला असतो, तो भाग वेगळाच.

नियम चांगले आहेत. १ एप्रिल २०२२ पासून तपासी अंमलदारानं ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल दावा न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेही नवे. निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम ३०४-अ चं १०६ झालं, झडती-जप्तीचं चित्रीकरण आलं. नवी पोरं मोबाइल आमच्यापेक्षा सफाईनं चालवतात. पण अंतर मोजायचा टेप कुठून कुठवर धरायचा, हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. पूर्वी जुना जमादार दाखवायचा. आज तो मंगल कार्यालयाच्या गेटवर गाड्या लावून घेतो.

तपासाचे अधिकार आम्हाला नकोत, सहीही नको. फक्त अपघाताच्या जागी नव्या अंमलदारासोबत जायला आणि त्याचा कागद वाचायला मानधनावर एक निवृत्त माणूस नेमा. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात; त्याआधी धारूर आणि केज ठाण्यांत करून बघा. मानधन थोडं असलं तरी चालेल, पेन्शन आहे.

आपला,
एक निवृत्त श्रेणी फौजदार, जि. बीड